कोऱ्या सीडीवर न उमटणारं कुलूप

गोदावरीवरचा पूल, धुळे-सोलापूर महामार्ग आणि रस्त्यालगतचा बाजार, अशी शहागडची ओळख. अलीकडे अंबड तालुका, पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातला गेवराई. अशा बाजारगावांत २००० नंतर कॉम्प्युटर रुजला तो मुख्यतः फोटो स्टुडिओ आणि डीटीपीच्या दुकानांतून, आणि त्याच्याबरोबर आला सीडी रायटर. 'शूटिंगच्या चार सीडी मारून द्या' हे लग्नाच्या खर्चातच धरलेलं असायचं. घरच्या कपाटात लग्नाच्या सीडीशेजारी विकत आणलेले सिनेमे आणि गेमही असत. दिसायला सगळ्या चकत्या सारख्याच. लग्नाची सीडी हवी तितक्या वेळा कॉपी व्हायची, विकतची डीव्हीडी किंवा गेम मात्र अनेकदा अडून बसायचा.

विकतची सीडी छापलेली असते. साच्यातून पॉलिकार्बोनेटवर सूक्ष्म खळगे उमटवतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा चकाकता थर देतात. कोऱ्या सीडीत खळगे नसतात, सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि रायटरचा लेझर तापवून त्यावर खुणा करतो. वाचणाऱ्या ड्राइव्हला खळगा आणि खूण यांत फारसा फरक कळत नाही, म्हणूनच कॉपी शक्य होते. कॉपी रोखणारं कुलूप बनवणाऱ्यांनी मग असं काहीतरी शोधलं, जे कारखान्यात छापता येईल, ड्राइव्हला वाचताही येईल, पण घरच्या रायटरला लिहिता येणार नाही.

डीव्हीडीत ती जागा मिळाली चकतीच्या आतल्या कडेला. सिनेमा सांकेतिक रूपात साठवलेला असे आणि तो उलगडण्याच्या किल्ल्या त्या आतल्या पट्ट्यात. कोऱ्या डीव्हीडीवर नेमका तोच भाग कारखान्यात आधीच भरून टाकलेला असे. त्यामुळे सिनेमा जसाच्या तसा उतरला तरी किल्ली मागे राही आणि पडद्यावर नुसते चौकोन नाचत. ही किल्ली ४० बिटची होती, म्हणजे सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता. आकडा मोठा वाटतो, पण कॉम्प्युटरपुढे तो लहान होता आणि मूळ पद्धतही कच्ची होती. १९९९ मध्ये हे कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्रॅम सगळीकडे पसरला. त्यासाठी नॉर्वेच्या यॉन लेक योहानसेन या किशोरवयीन मुलावर खटला चालला आणि २००३ मध्ये तो निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेला सिनेमा स्वतःच्या कॉम्प्युटरवर पाहणं हा गुन्हा नव्हे, हे तिथल्या न्यायालयाने मान्य केलं. मला तो निकाल आजही मोलाचा वाटतो.

गेमच्या सीडींची तऱ्हा वेगळी. सेफडिस्कसारख्या पद्धतीत चकतीवर मुद्दाम बिघडलेले भाग ठेवत, आणि पुढच्या आवृत्त्यांत तर आकड्यांचे असे क्रम निवडत, जे त्या काळच्या अनेक रायटरना अचूक लिहिताच येत नसत. गेम सुरू होताना तो बिघाड शोधायचा. सापडला नाही, तर चकती नकली.

मराठवाड्यात मात्र कॉपीला आणखी एक मोठा अडथळा होता लोडशेडिंगचा. जुन्या रायटरला माहितीचा पुरवठा क्षणभर तुटला तरी कोरी सीडी बाद व्हायची. सान्यो कंपनीने २००० मध्ये त्यावर तोड काढली, पण वीजच गेली तर ती तोडही निकामी. इन्व्हर्टर घेतल्याशिवाय स्टुडिओवाल्याला रात्रीचं काम हाती घेता येत नसे.

आणि गावोगाव जी खरी चालली, त्या व्हीसीडीला कुलूप नव्हतंच. एक सिनेमा दोन-तीन चकत्यांवर, चित्र जेमतेम, पण प्लेअर स्वस्त आणि कॉपी सोपी. धंद्यासाठी नकला विकणाऱ्यांना आवर घालायला महाराष्ट्राने २००९ मध्ये झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले यांच्यासाठीच्या १९८१ च्या स्थानबद्धता कायद्यात व्हिडिओ पायरेट्सनाही आणलं. त्याआधीच मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. कोऱ्या चकत्या बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी ही एक कंपनी होती. अस्सल चकती नकलेच्या भावात मिळू लागली, तेव्हा नक्कल घेण्याचं कारणच उरलं नाही. माझ्या मते कुलपापेक्षा हा उपाय शहाणपणाचा होता.

कुलपाचा जाच झाला तो पैसे मोजणाऱ्यालाच. २००५ मध्ये सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या काही सीडी कॉम्प्युटरमध्ये टाकताच एक छुपा प्रोग्रॅम बसवत, हे उघड झालं. त्या आडोशाने व्हायरसही लपू शकत होते. कंपनीला त्या सीडी परत घ्याव्या लागल्या. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि सुरक्षेच्या कारणाने त्याने सेफडिस्कला आधार नाकारला. परिणामी अस्सल गेम बंद पडले. डीटीपीवाल्यांकडे मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरसोबत पोर्टला लावायचं 'लॉक' येई. ते हरवलं किंवा जळालं की रीतसर खरेदी केलेलं सॉफ्टवेअरही उघडत नसे आणि जुन्या पत्रिकांच्या फाइली तशाच पडून राहत.

आपला कायदा यात समंजस आहे. कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत काढू देतं. २०१२ च्या दुरुस्तीने कुलूप तोडणं गुन्हा ठरवलं, पण कायद्याने मनाई न केलेल्या कामासाठी ते तोडायला मोकळीकही ठेवली.

आता काळजी कपाटातल्या लग्नाच्या सीडींची. त्यांना कुलूप नाही, पण त्यांचा रंगाचा थर उन्हाने आणि उष्णतेने उडतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात पंधरा-वीस वर्षं काढलेली चकती अजून वाचता येत असेल, तर तिची प्रत काढण्याचं काम पुढे ढकलू नका. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, यूएसबीचा बाहेरून जोडता येतो. एक ड्राइव्ह अडला तर दुसरा वापरून पाहा, कारण वाचण्याची कुवत प्रत्येकाची वेगळी असते. सीडीची छापील बाजू घासू नका किंवा तिथलं स्टिकर ओढू नका. माहितीचा थर त्या बाजूच्या अगदी खाली असतो आणि तो निघाला की गेला. पुसायचीच झाली तर खालची बाजू मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा. अख्ख्या चकतीची हुबेहूब प्रत फाइलीत घ्या (डीव्हीडी असेल तर आयएसओ, व्हीसीडी असेल तर बिन-क्यू), एक प्रत घरी ठेवा आणि दुसरी माहेरी किंवा भावाकडे.