अंगठ्याने धरलेला ठेका

१९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरातील क्लबांमध्ये लॅरी ग्रॅहम नावाचा तरुण आईबरोबर वाजवत असे. ड्रमर सोबत राहिला नाही, तेव्हा त्याने बास गिटारवरच दोघांचे काम सुरू केले. मोठ्या ड्रमच्या जागी अंगठ्याचा ठोका, स्नेअरच्या जागी बोटाने तार ओढून सोडणे. हेच ‘स्लॅप बास’.

तार पट्ट्यांवर आपटते आणि खर्जातल्या नादावर धातूचा टणका चढतो. हा आवाज काढणे आठवड्याभरात जमते. अडते ते ‘शफल’ वाजवताना. यात एका मात्रेचे तीन भाग होतात. पहिल्यावर आघात, दुसरा रिकामा, तिसऱ्यावर पुन्हा आघात. आपल्याकडची तिस्र जाती ऐकलेल्या कानांना ही चाल परकी नाही. मिनिटाला ६० मात्रांची लय असेल, तर लांब स्वर साधारण ०.६७ सेकंद आणि आखूड ०.३३ सेकंद. अर्थात वादक घड्याळ लावून वाजवत नाहीत. लय वाढली की हा फरक आपोआप कमी होत जातो, असे जाझ ड्रमरांच्या मोजमापांत आढळले आहे.

नवशिक्यांचे सारे लक्ष ठोक्यावर असते. पण शफल बिघडतो तो बहुधा मधल्या रिकाम्या जागेत. बासची जाड तार सहज थांबत नाही. तिचा नाद रेंगाळला की झोल भरून जातो आणि सगळे सपाट वाटते. तार थांबवायचे काम डाव्या हाताचे. बोट पूर्ण उचलायचे नाही, फक्त दाब सैल करायचा. म्हणून पहिले काही दिवस एकाच स्वरावर, अगदी संथ, एवढेच करावे. (घरच्यांना कंटाळा येईल, त्याला इलाज नाही.) तबलजी बोल आधी तोंडाने म्हणतात, तेही उसने घ्यावे. नुसता ठेका ऐकतानाही मेंदूतील हालचालींशी संबंधित भाग जागे होतात. तोंडात बसलेली लय हाताला लवकर सापडते.

आता उजव्या हाताविषयी. अंगठा सांध्यातून हातोडीसारखा आपटू नये. कुलपात किल्ली फिरवताना कोपरापासून हात जसा वळतो, तसा वळू द्यावा. अंगठा त्याबरोबर जातो. जोराची हौस अँप्लिफायरचा आवाज वाढवून भागवावी. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखू लागले, वस्तू उचलताना कळ आली, तर तिथल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज असू शकते. डॉक्टर याला ‘डी क्वेर्व्हेन’ म्हणतात. तान्ह्या बाळाला वारंवार उचलणाऱ्या आयांमध्येही तो दिसतो. ‘सरावाने जाईल’ म्हणून वाजवत राहणे ही इथली सर्वांत महागडी चूक. वादन थांबवावे आणि दुखणे राहिले किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर डॉक्टरांकडे जावे. तोवर बोल म्हणायला हात लागत नाही.