दोर ओढणारा घटोत्कच

'मायाबाजार'मधली मेजवानी सुरू होते. घटोत्कच ताटावर बसतो आणि लाडू आपसूक उडत त्याच्या तोंडात जाऊ लागतात. प्रेक्षकांतली पोरं किंचाळतात. विंगेत दोरा हातात धरून कोणीतरी उभं असतं, आणि बहुधा तो मागच्याच प्रवेशात मुकुट चढवून रंगमंचावर येऊन गेलेला असतो.

ही हैदराबादची सुरभी मंडळी. नाटकं तेलुगू, पण ही कुटुंबं आपलं मूळ मराठी सांगतात आणि घरात आजही मराठीचीच एक बोली बोलतात. पूर्वज चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करायचे. कडप्पा जिल्ह्यातल्या सुरभी गावात 1885 साली वनारस गोविंदराव आणि त्यांच्या मंडळींनी 'कीचकवध' केला आणि गावाचंच नाव परंपरेला चिकटलं. पुढे घराची शाखा फुटली की नवी मंडळी उभी राही. एके काळी अशा तीसहून अधिक मंडळ्या होत्या. आता मोजक्याच उरल्यात. त्यांतली 1937 ची श्री वेंकटेश्वर नाट्यमंडळी सर्वांत नावाजलेली. बायकांची कामं पहिल्यापासून बायकाच करीत आल्या. तेलुगू बोलपटाची पहिली नायिका कमलाबाई याच घराण्यातली.

तरीही मला ओढ वाटते ती नटांपेक्षा दोरवाल्यांची. गंमत अशी की, इथे दोरवाला म्हणून वेगळा माणूसच नाही. बाहुल्यांच्या खेळात (आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीत तो अजून दिसतो) बाहुली नाचवणारा, गाणारा आणि बोलणारा एकच असतो. पडद्याआड राहणं हलकं आणि पुढे येणं मानाचं, ही वाटणी सुरभीत रुजली नाही, त्याचं मूळ तिथेच असावं असं मला वाटतं.

शिकणं लहानपणीच सुरू होतं. मूल पाळण्यात असताना बाळकृष्ण होतं, चालू लागलं की प्रल्हाद, मग लव नाहीतर कुश. काम नसेल तेव्हा विंगेत मोठ्यांचे हात पाहायचे. दोन बाण हवेत समोरासमोर भिडतात, ठिणगी उडते. ते बारीक तारेवरून धावतात. दोन्ही विंगांतल्या माणसांनी ते एकाच दमात सोडले नाहीत, तर एक बाण अर्ध्यावर लोंबकळतो आणि वीररसाचं हसं होतं. तार लपवायला मागचा गडद पडदा आणि प्रकाशाचा कोन, दोन्ही सांभाळावे लागतात. नारद आकाशातून उतरवायचा, तर कप्पीवरचा दोर किती वेगानं सोडायचा हे नटाच्या वजनावर ठरतं. तो धक्का हाताला कळावा लागतो. वहीत लिहून तो अंदाज येत नाही.

रंगवलेले पडदे ही आपल्याही संगीत नाटकाची शान. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते. आपल्याकडे असे ट्रिकसीन संपले, नेपथ्य दिवाणखान्यात स्थिरावलं. सुरभीनं ट्रिकसीन टिकवले आणि त्यांवरच पोटही भरलं. 1990 च्या दशकात दिग्दर्शक ब. व. कारंतांनी त्यांच्याबरोबर 'भीष्म' केलं, ब्रेश्टचं नाटकही तेलुगूत आणलं. श्री वेंकटेश्वर मंडळीचे प्रमुख नागेश्वरराव ऊर्फ बाबजी यांना 2013 मध्ये पद्मश्री मिळाली. 2022 मध्ये ते गेले.

'रक्तातच कला आहे' असं म्हणून आपण या माणसांचं कौतुक करतो, त्यावर मात्र माझा राग आहे. रक्त म्हटलं की पगार, विमा, प्रमाणपत्र यांचा प्रश्न मिटतो. लिंगमपल्लीजवळच्या सुरभी कॉलनीतल्या मुलांनी शाळा शिकून दुसरी नोकरी धरली तर त्यात गैर काय? पण त्यांच्या जागी बाहेरचा कोणी दोर धरायला येणार असेल, तर त्याला शिकाऊ म्हणून घेणारी रीतसर वाट हवी. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा. 2014 च्या दुरुस्तीनं ठरलेल्या यादीबाहेरच्या, म्हणजे ऐच्छिक व्यवसायांनाही त्यात दार उघडलं. विद्यावेतन देऊन शिकवायची तरतूद कायद्यात आहे. हैदराबाद विद्यापीठाचा नाट्यविभाग या वस्तीपासून फारसा दूर नाही. तिथल्या विद्यार्थ्याला एक हंगाम कप्पीखाली उभं करायचं आणि शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला त्याचं मानधन मोजायचं, एवढ्यानंही सुरुवात होईल.