तेझुका ओसामू यांच्या चित्रकथेतील बुद्ध

'चित्रकथा' हा शब्द उच्चारताच आमच्या अभ्यासकवर्गाच्या कपाळावर आठी पडते. ही मुलांची करमणूक, तिचा धम्मसाहित्याशी काय संबंध, असा प्रश्न ओघानेच येतो. परंतु भारहुतच्या शिल्पकारांनी दगडात जातके कोरली, ती अक्षरओळख नसलेल्या उपासकांनाही वाचता यावीत अशीच होती. त्याच परंपरेतला एक अर्वाचीन जपानी कलावंत आम्हांस अतिशय प्रिय आहे. त्याची ओळख वाचकांस करून द्यावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू.

तेझुका ओसामू यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळील तोयोनाका येथे झाला. लहानपणी त्यांना कीटकांचे विलक्षण वेड होते. इतके, की आपल्या नावाला त्यांनी 'किडा' या अर्थाचे चिन्ह जोडले आणि तेच नाव जगभर गेले. जून १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्बवर्षाव झाला तेव्हा हा सोळा वर्षांचा विद्यार्थी तेथे कारखान्यात सक्तीच्या कामावर होता. माणसे जळताना त्याने पाहिली. पुढे त्यांनी वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतले व १९६१ साली त्या विषयात डॉक्टरेटही मिळवली. पण हयात घालवली ती चित्रकथेत. १९४७ मधील 'नवे रत्नद्वीप' या पुस्तकाने जपानी चित्रकथेला, म्हणजे 'मंगा'ला, चित्रपटासारखी गती दिली. १९५२ पासूनच्या 'ॲटम' या यंत्रबालकाने त्यांना घराघरांत पोहोचवले. ९ फेब्रुवारी १९८९ रोजी साठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांच्या हातून दीड लाखाच्या आसपास पाने रेखाटली गेली होती, असे सांगतात.

त्यांची 'बुद्ध' ही चित्रकथा १९७२ ते १९८३ या काळात मुलांच्या मासिकांतून क्रमशः आली. इंग्रजी अनुवादाचे आठ खंड २००३ ते २००५ या काळात निघाले. पाने तीन हजारांच्या घरात. प्रारंभीच ससजातक येते. पालि जातकात सशाचे सोबती उदमांजर, कोल्हा व वानर आहेत, आणि याचक ब्राह्मणाच्या वेषातील सक्क आहे. तेझुका यांनी बर्फात कोसळलेला एक म्हातारा घेतला, अस्वल, खोकड व ससा घेतले, आणि संवाद जवळजवळ गाळून टाकले. अस्वल मासे आणते, खोकड फळे आणते. सशाला काहीच मिळत नाही. तो आग पेटवायला लावतो व स्वतः तीत उडी घेतो. पालि कथेत आग सशाला जाळत नाही, सक्क प्रकट होतो व चंद्रावर सशाचे चित्र उमटते. येथे ससा खरोखरच जळतो. बॉम्बवर्षावात जळालेली माणसे पाहिलेल्या कलावंताला थंड आग काढता आली नसावी, असे आम्हांस वाटते.

परंतु आमच्या वाचकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच. पहिला खंड जवळजवळ संपत येतो तरी सिद्धार्थाचा पत्ता नाही! तेथे आहेत ती दोन मुले: छाप्रा हा शूद्र दास आणि तत्ता हा अस्पृश्य पोर. दोघेही तेझुका यांच्या कल्पनेतील. (इंग्रजी अनुवादात तत्ताला लावलेला 'पारिया' हा शब्द तमिळ मुळाचा आहे, पालि वाङ्मयात चण्डाल, पुक्कुस, नेसाद असे शब्द येतात. असो.) छाप्रा कोसलच्या सेनापतीचे प्राण वाचवतो, जन्म लपवून त्याचा मानसपुत्र होतो व मानाच्या पायऱ्या चढत जातो. त्याच्या मार्गातील धोका एकच, आणि तो म्हणजे त्याची स्वतःची आई. जन्म उघडकीस येतो तेव्हा आई व मुलगा दोघेही मारले जातात. नाव बदलून, वस्ती बदलून, आईला दूर ठेवून जगू पाहणारा मनुष्य आमच्या समाजाला परका नाही. जपानी मुलांसाठी लिहिणाऱ्याने ही वेदना इतकी नेमकी कशी टिपली, याचे आम्हांस आजही नवल वाटते.

ही दृष्टी त्यांनी कथेवर बाहेरून लादलेली नाही. विडूडभाची कथा अट्ठकथेतच आहे. शाक्यांनी पसेनदीला कुलकन्या म्हणून दासीपुत्री वासभखत्तिया दिली. तिचा मुलगा विडूडभ आजोळी येऊन गेल्यावर तो ज्या आसनावर बसला होता ते दासीकडून दूधपाण्याने धुऊन घेतले गेले. विसरलेले शस्त्र न्यायला परतलेल्या एका सैनिकाने ते ऐकले आणि त्यातून शाक्यांचा संहार झाला. राजाने त्या मायलेकरांचा मान काढून घेतला असता तो परत द्यावयास लावला तो तथागतांनीच. तेझुका यांनी हा प्रसंग तळटीप म्हणून न ठेवता कथेचा कणा केला. निदानकथेच्या छायेत वाढलेल्या आमच्याकडील चरित्रकारांनी त्याला फारच थोडी जागा दिली आहे.

मतभेदाच्या जागा नाहीत असे नव्हे. तेझुका यांच्या कथेत ब्रह्मा वृद्धाच्या रूपाने येऊन सिद्धार्थाला मार्ग दाखवतो, तत्ता प्राण्यांच्या मनात शिरतो, पुनर्जन्माची भाषा सैल आहे. गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात पाहणारी जी मांडणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात केली, तिचा येथे मागमूस नाही. गंभीर प्रसंगी मध्येच थट्टा येते. कित्येक स्त्रिया अर्धनग्न रेखाटल्या आहेत. लहान मुलांच्या हाती खंड देण्यापूर्वी पालकांनी ते चाळावेत हे बरे.

तत्ता मात्र शेवटपर्यंत सोबत राहतो. त्याची आई व बहीण कोसलच्या सैनिकांनी मारलेली. तो तथागतांच्या सहवासात वर्षानुवर्षे वावरतो, त्यांच्यावर जीव टाकतो. पण तो सूड त्याच्या मनातून जात नाही. अखेर तो शाक्यांसह कोसलवर चालून जातो आणि मारला जातो. ते कळल्यावर तेझुका यांचा बुद्ध कोसळतो, इतकी वर्षे आपण काय शिकवले असे स्वतःलाच विचारतो. असा शोक करणारा तथागत निकायांत सापडणार नाही. पालिचे अभ्यासक म्हणून आम्ही ते नमूद करतो. पण ती पाने वगळून वाचा असे आम्ही कोणासही सांगणार नाही.