बोटीवरची स्क्रीन घेताय? आधी दुपारी बाराच्या उन्हात बघा



आपला साताऱ्याचा खंडाळा म्हणजे घाट आणि हायवे, इथे बोटीचा काय संबंध, असं वाटेल. पण खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्याला वळलात की वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि पुढे तापोळा. तिथे कोयनेच्या शिवसागर जलाशयात पर्यटकांच्या बोटी चालतात. असा व्यवसाय करायचा विचार असेल, तर परवाना आणि लाइफ जॅकेट आधी. त्यानंतर येतो रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस स्क्रीनचा प्रश्न.

धरणाचं पाणी वर्षभर खाली-वर होतं. काल पाण्याखाली असलेला उंचवटा उद्या बोटीला लागू शकतो. अशा वेळी स्क्रीन दिसलीच नाही, तर ती असून उपयोग काय?

नुसता ब्राइटनेस बघू नका

स्क्रीनचा उजेड ‘निट’मध्ये मोजतात. दुकानदार म्हणतो, "हजार निट आहे, घेऊन टाका." पण खरा शत्रू आहे काचेवरून परत येणारं ऊन. हिशोब बघा.

भर दुपारी साधारण १ लाख लक्स प्रकाश पडतो. स्क्रीनने त्यातला फक्त २ टक्के पसरवून परत फेकला, तरी चित्रावर सुमारे ६४० निटचा पांढुरका थर चढतो. मग पांढऱ्या आणि काळ्या भागातला फरक असा राहतो:

- ४०० निटची स्क्रीन: १.६ पट
- १००० निटची स्क्रीन: २.६ पट
- ४०० निटचीच, पण फक्त अर्धा टक्का प्रकाश परत फेकणारी: ३.५ पट

म्हणजे कमी चकाकणारी साधी स्क्रीन जास्त चकाकणाऱ्या महाग स्क्रीनला मागे टाकते! म्हणून अँटी-रिफ्लेक्टिव्ह कोटिंग आहे का, आणि काच व डिस्प्लेमधली हवेची फट भरलेली आहे का (याला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात), हे विचारा. शिवाय स्क्रीनवर छोटं छप्पर लावून ऊन पावपट केलंत, तरी पहिल्या स्क्रीनचा फरक ३.५ पटच होतो. सर्वात स्वस्त उपाय हाच!

मोबाइल चालणार नाही का?

सुरुवातीला चालेल. पण उन्हात तापला की मोबाइल स्वतःच उजेड कमी करतो आणि ओल्या बोटाला टचस्क्रीन नीट दाद देत नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा, पाण्यावर रेंजचा भरवसा नसतो.

खरेदीआधी पाच गोष्टी तपासा

१. स्क्रीन दुकानाबाहेर उन्हात आणून, उभं राहून आणि बसून बघा.
२. पोलराइज्ड गॉगल घालून बघा. काही स्क्रीन एका कोनात पूर्ण काळ्या दिसतात.
३. आयपी ६७ दर्जा बघा. म्हणजे धूळ आत जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकते. बटणं असतील तर उत्तम.
४. बॅटरीचा हिशोब करा. १५ वॉटची स्क्रीन १२ व्होल्टवर सव्वा अँपिअर घेते, म्हणजे ८ तासांत १० अँपिअर-अवर.
५. तुमच्या जलाशयाचा नकाशा यंत्रात आहे का? समुद्राचे नकाशे धरणात कामाचे नाहीत. नसेल तर सुरक्षित वाट स्वतः फिरून रेकॉर्ड करता येते का, ते विचारा. पाण्याची पातळी बदलली की ती वाट पुन्हा तपासायची.

आता धंद्याचं गणित

समजा यंत्र ४०,००० रुपयांचं, ४ वर्षं टिकलं, आणि वर्षाला १०० दिवस बोट चालली. म्हणजे दिवसाला १०० रुपये. हा आकडा तिकिटात बसतो का बघा. बसत नसेल तर मोबाइल, छप्पर आणि वॉटरप्रूफ कव्हरवर पहिला सीझन काढा. पण स्क्रीन कितीही चांगली असली, तरी नजर पाण्यावर आणि त्या पाण्याचा जाणकार माणूस बोटीवर हवाच.

आजचा गृहपाठ: उद्या दुपारी बारा वाजता तुमचा मोबाइल उन्हात धरा, मग त्यावर पुठ्ठ्याची सावली करा. फरक डोळ्यांनी बघा आणि मगच पैसे खर्च करा!