पुराच्या पाण्यातली आलिशान गाडी

सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. २००५ आणि २०२१ सालचे पूरही लोक विसरलेले नाहीत. दहा-बारा वर्षांची मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी सातारा-सांगलीत घ्यायची असेल, तर मॉडेल आणि किलोमीटर नंतर बघावेत. आधी ही गाडी पाण्यात होती का, ते शोधावं.

बुडालेली गाडी बाजारात परत येते त्यामागे विम्याचं सरळ गणित आहे. विम्यासाठी धरलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, दरवर्षी घटत जाते. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा लागतो आणि पाच वर्षांनंतरची किंमत विमा कंपनी व मालक आपसांत ठरवतात. सुटे भाग मात्र नव्याच भावाने मिळतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. जुनी आलिशान गाडी गुडघाभर पाण्यातही या रेषेपलीकडे जाऊ शकते. मग तिचा सांगाडा लिलावात विकला जातो, कुणीतरी ती धुऊन, वाळवून, पॉलिश करून उभी करतो आणि भाव आकर्षक लावतो.

अशा गाडीची ट्रायल छान होते, हाच खरा धोका. जुन्या ई-क्लासची किंवा फाइव्ह सीरिजची बॅटरी डिकीत असते, वायरिंगचे जोड गालिच्याखालून जातात. पाणी ओसरलं तरी गाळ जोडांत राहतो, पितळेवर हिरवट थर चढत जातो आणि काही महिन्यांनी एअरबॅगचा दिवा लागतो, काच खाली जात नाही, गिअर अडकतो. तोवर पैसे देऊन झालेले असतात.

म्हणून दिवसाउजेडी, हातात टॉर्च घेऊन बघावं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. रोजच्या वापरात बाहेर न येणाऱ्या पट्ट्यावर मातकट रेषा दिसली, तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं. सीट मागे सारून रुळांचे बोल्ट बघावेत. स्टेपनी आणि जॅक काढून खालचा खळगा बोटाने पुसावा. नदीचा गाळ तांबूस, बारीक असतो आणि कोपऱ्यात चिकटून राहतो. गालिचा उचलून खालचा फोम दाबावा. आत अत्तराचा वास भरून राहिला असेल, तर मला तरी संशय येतो.

साताऱ्याकडची गाडी वेगळ्या पाण्यात भिजते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात सनरूफच्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की पूर नसतानाही पाणी आत उतरतं. घाटातल्या गाडीचे ब्रेक आणि गिअरबॉक्स जास्त झिजलेले असू शकतात, म्हणून ट्रायल खंबाटकीला किंवा पसरणीला घ्यावी, आणि इंजिन सकाळी थंड असतानाच सुरू करायला सांगावं. २००७ ते २०११च्या बीएमडब्ल्यू डिझेलमध्ये एन४७ इंजिनाची टायमिंग चेन मागच्या, गिअरबॉक्सकडच्या बाजूला आहे. तिथून खरखर येत असेल, तर काम इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवण्यापर्यंत जातं. एअर सस्पेन्शनची गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी एका बाजूला बसली आहे का, तेही बघावं. स्कॅनर लावणारा मेकॅनिक सोबत हवाच. मीटर मागे फिरवला, तरी बऱ्याच गाड्यांत खरे किलोमीटर दुसऱ्या मॉड्यूलमध्ये, जुन्या बीएमडब्ल्यूत तर चावीतही, राहतात.

विटा, आटपाडी, खानापूर भागातले गलाई व्यावसायिक देशभर सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात आहेत, त्यामुळे परराज्यातल्या पासिंगच्या चांगल्या गाड्याही या भागात दिसतात. दिल्लीच्या डिझेल गाड्या तर २०१५मध्ये हरित लवादाने दहा वर्षांची मर्यादा घातल्यापासून आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवल्यापासून स्वस्तात बाहेर पडत आल्या. अशी गाडी घेताना तिथल्या आरटीओची एनओसी आणि एमएच १० किंवा ११ पासिंगला लागणारा कर आधी विचारून तेवढी रक्कम भावातून वजा करावी. पंधरा वर्षं पूर्ण होत आली असतील, तर नोंदणी नूतनीकरणाचे ५,००० रुपयेही धरावेत. एप्रिल २०२२पूर्वी ते ६०० होते. आयात केलेल्या गाडीला त्याच वेळी ४०,००० झाले.

किंमत ठरवताना बाजारभाव दुय्यम मानावा, असं माझं मत आहे. नवी असताना पन्नास लाखांची असलेली गाडी समजा सात लाखांत मिळते आहे; तिचे भाग अजून पन्नास लाखांच्या गाडीचेच आहेत. टायरवरच्या चार आकडी शिक्क्यातून आठवडा आणि वर्ष कळतं. टायर, ब्रेक, सस्पेन्शन, बॅटरी यांचं लेखी कोटेशन घ्यावं आणि ती बेरीज मागितलेल्या किमतीतून वजा करून मगच बोली लावावी. पाण्याचा माग सापडला, तर बोलीच लावू नये.

आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की नाव लावून घ्यावं. अपघात झाला तर नोंदणी ज्याच्या नावावर तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून विकणाऱ्याला तर याची अधिकच घाई हवी. आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज १४ दिवसांत जायला हवा.