डोळा मिटणारी नस

कानामागे शस्त्रक्रिया झाली, तर डोळ्याला धोका का व्हावा? प्रश्न चमत्कारिक वाटतो. पण त्याचे उत्तर आपल्या कवटीच्या रचनेत आहे.

मेंदू ज्या हाडांच्या बैठकीवर विसावलेला असतो, तिला कवटीचा तळ म्हणतात. या तळाला लहानमोठी छिद्रे असून मेंदूपासून निघणाऱ्या नसा त्यांतून डोळे, कान, चेहरा, जीभ व गळा यांच्याकडे जातात. अशा नसांच्या बारा जोड्या आहेत. प्राणिशास्त्राच्या वर्गात त्यांची नावे मी क्रमाने पाठ केली होती. माझ्या मामांच्या आजारपणात त्यांतील पाचवी आणि सातवी नस म्हणजे काय, हे मला खरे समजले.

मामांना आठव्या नसेवर, म्हणजे ऐकण्याच्या व तोल सांभाळण्याच्या नसेवर, गाठ झाली होती. ही गाठ कर्करोगाची नसते आणि बहुधा सावकाश वाढते. एका कानाने कमी ऐकू येणे, कानात आवाज होणे, चालताना तोल जाणे ही तिची लक्षणे होत. अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१७ साली या गाठींवर ग्रंथ लिहिला. त्या काळी रोग्याचा जीव वाचणे हेच मोठे यश होते. आज सूक्ष्मदर्शकाखाली गाठ काढतात आणि चेहऱ्याची नस शाबूत आहे की नाही, हे विजेच्या सौम्य प्रवाहाने तपासत राहतात. कारण ही सातवी नस आठवीच्या सोबतीने हाडाच्या त्याच अरुंद बोगद्यातून जाते. गाठ मोठी असेल तर ती नस चपटी होऊन गाठीला चिकटलेली असते. तिला इजा झाली की अर्धा चेहरा लुळा पडतो.

आता डोळ्याकडे वळू. पापणी उघडण्याचे काम मुख्यतः तिसरी नस करते; मिटण्याचे काम सातवीचे. सातवी निकामी झाली की डोळा उघडतो, पण पुरता मिटत नाही, झोपेतही नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा. त्यात रक्तवाहिन्या नाहीत. अश्रूंच्या ओलाव्यातून तो हवेतला प्राणवायू घेतो. पापणी दर मिनिटाला अनेक वेळा हा ओलावा पसरवते, मोटारीच्या काचेवरील वायपरसारखी. अश्रुग्रंथीला चेतना देणारे तंतूही सातव्या नसेबरोबरच असतात. म्हणजे वायपरही बंद आणि पाणीही कमी! पडदा सुकतो, त्यावर ओरखडे व व्रण पडतात, जंतू शिरतात आणि दृष्टी जाऊ शकते.

याहून मोठा धोका पाचव्या नसेचा. डोळ्यात कण गेला तर तो खुपतो, ते या नसेमुळे. मोठ्या गाठीमुळे किंवा शस्त्रक्रियेत तीही दुखावली, तर डोळा बधिर होतो. मामांचा डोळा लाल झाला तेव्हा ते म्हणाले, "पोरी, काही दुखत नाही गं. उगाच कशाला दवाखाना?" नेत्रतज्ज्ञांनी कापसाची बारीक वात दोन्ही बुबुळांना लावून पाहिली. चांगल्या डोळ्याला वात लागताच मामा दचकले, दुसऱ्याला लावल्यावर त्यांनी विचारले, "लावली का?" डॉक्टर म्हणाले, "एवढा लाल डोळा दुखत नाही, हेच वाईट लक्षण." मग डोळ्यात रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा ओरखडा हिरवा चमकला. वेळेवर उपचार झाल्याने तो भरून आला.

उपचार साधे आहेत. चिकाटी मात्र हवी. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब वरचेवर घालायचे, रात्री घट्ट मलम लावून पापणी चिकटपट्टीने मिटवायची. पट्टीखाली डोळा उघडा राहिला तर तीच बुबुळाला घासते, म्हणून ती लावण्याची रीत डॉक्टरांकडून शिकून घ्यावी. वाऱ्याधुळीत चष्मा लावावा; पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नये.

नस शाबूत असेल तर ती पुष्कळदा सुधारते. पण तिचे तंतू नव्याने वाढायचे असतील तर वेग दिवसाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणून महिने लागतात. कधी हे तंतू वाट चुकतात आणि जेवताना त्या डोळ्यातून पाणी येते. सुधारणा लांबली तर पापण्यांच्या कडा कोपऱ्याशी शिवतात किंवा वरच्या पापणीत साधारण एक ग्रॅम सोन्याचे वजन बसवतात. सोने जड असते आणि शरीराला ते बहुधा चालते. डोळा मिटायचा म्हटले की तिसरी नस सैल होते आणि पापणी वजनाने खाली येते. आडवे झाल्यावर या वजनाचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून रात्रीचे मलम चालूच ठेवावे लागते.

आपल्या घरांत दुखले तरच दवाखाना गाठण्याची रीत आहे. अशा शस्त्रक्रियेनंतर ती सोडावी लागते. डोळा लाल झाला, अंधुक दिसू लागले किंवा बुबुळावर पांढरट डाग दिसला, तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. रोग्याला स्वतःला हे कळणार नाही. म्हणून घरातल्या कोणीतरी रोज सकाळी उजेडात त्याचा डोळा पाहावा.