गंजाचा हिशेब

टिनपत्र्यावर ओरखडा पडला तरी तिथे लगेच गंज चढत नाही. वरचे जस्त स्वतः झिजते आणि खालचे लोखंड राखते. १८२४ साली हम्फ्री डेव्ही यांनी हाच उपाय ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवर केला. जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असे. त्याला त्यांनी जस्ताचे आणि बिडाचे तुकडे जोडले. तांबे वाचले. मात्र विरघळणाऱ्या तांब्याच्या विषामुळे दूर राहणारे शिंपले आणि शेवाळ आता तळाला खुशाल चिकटले आणि जहाजांचा वेग घटला. संरक्षणाचाही अतिरेक होतो, तो असा.

आमच्या गोरेगावाहून समुद्र चारशे किलोमीटरहून लांब आहे, पण या प्रश्नाचे खरे घर समुद्रच. 'मुंबई हाय'ला १९७४ मध्ये तेल सापडले. तिथल्या फलाटांचे पोलादी सांगाडे खाऱ्या पाण्यात उभे आहेत आणि वर माणसे राहतात, काम करतात. अशा सांगाड्यांना ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे, म्हणजे ॲनोड, जोडतात. पोलादाऐवजी ते झिजतात.

किती ठोकळे लागतील, हे कागदावरही निघते. उष्ण समुद्रात, उथळ पाण्यात उघड्या पोलादाला दर चौरस मीटरला सरासरी ७० मिलिअँपिअर धरतात. म्हणजे १००० चौरस मीटरला ७० अँपिअर. एक किलो मिश्रधातू सुमारे २००० अँपिअर-तास देतो. म्हणून वर्षाला तीनशे किलोच्या वर, २५ वर्षांत पावणेआठ टन.

पण ठोकळे बसवायचे कुठे? खरी मेख इथे आहे. नळ्या जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यांत प्रवाह कमी पोचतो, आणि वेल्डिंगचे सांधे नेमके तिथेच असतात. चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या मापाने पोलादाचा विभव उणे ०.८० व्होल्टच्या खाली न्यावा लागतो. बाहेरून वीज देऊन संरक्षण करताना तो उणे १.१०च्याही खाली गेला, तर हायड्रोजन सुटतो, रंग सुटतो, कठीण पोलाद ठिसूळ होते.

संगणक इथे उपयोगी पडतो. सीमा-घटक पद्धतीत अख्ख्या समुद्राचे नव्हे, फक्त पृष्ठभागाचे तुकडे पाडून प्रत्येक ठिकाणचा विभव काढतात. मग शेतकरी बियाणे निवडतो तशा शेकडो मांडण्यांतून सरस तेवढ्या ठेवायच्या, त्यांचा संकर करायचा आणि पुन्हा तपासायच्या.

मात्र 'वजन कमी कर' एवढेच सांगितले, तर तो एखादा कोपरा नेमका उणे ०.८०वर आणून सोडेल. गणिताच्या दृष्टीने उत्तर बरोबर. माझ्या मते त्या कोपऱ्यासाठी वजनाची थोडी उधळपट्टी करावी आणि पाणबुड्याला मापनासाठी आधी तिथेच पाठवावे.